होस्ट फॅमिलीकडे राहून इंग्रजी खरंच सुधारतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्रजी वाचलेलं कळतं, लिहिताही बऱ्यापैकी येतं, पण बोलायला गेलं की अडतं. बी१ लेव्हल आहे (ए१ ते सी२ अशा सहा पायऱ्यांतली तिसरी). जुलैपासून परदेशात बारा आठवड्यांचा जनरल इंग्लिशचा कोर्स करायचा विचार आहे, देश अजून पक्का नाही. फॉर्मवर राहण्यासाठी होमस्टे आणि स्टुडंट रेसिडेन्स असे दोन पर्याय आहेत. अनोळखी कुटुंबात राहावं का, त्याने बोलणं खरंच सुधारतं का, आणि कुटुंबाशी जमलंच नाही तर काय करायचं?

मी परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवते, आणि त्यांच्या राहण्याची व्यवस्था लावण्याचं कामही बरीच वर्षं केलं आहे. त्यामुळे विद्यार्थी वर्गात काय बोलतात आणि घरी काय बोलतात, हे दोन्ही माझ्या कानावर येत असतं. माझं मत स्पष्ट आहे. तुमच्या लेव्हलला होस्ट फॅमिली घ्याच. मात्र ती घेतली की बोलणं आपोआप सुधारेल, असं धरून जाऊ नका. घरात बोलायची संधी मिळते, आणि तीही आयती मिळते ती पहिले दोनेक आठवडेच. पुढे ती रोज तुम्हालाच तयार करावी लागते. ज्यांना हे आधीपासून ठाऊक असतं ते बारा आठवड्यांत फार पुढे जातात. बाकीच्यांच्या बाबतीत घर म्हणजे झोपायची आणि जेवायची जागा होऊन जाते.

आधी तासांचा हिशोब बघू. शाळेच्या माहितीपत्रकात 'आठवड्याला २० लेसन' लिहिलेलं असतं. बऱ्याच ठिकाणी एक लेसन ४५ मिनिटांचा असतो, म्हणजे प्रत्यक्षात आठवड्याचे १५ तास आणि बारा आठवड्यांचे १८०. इंग्रजीच्या परीक्षा घेणाऱ्या केंब्रिज इंग्लिशच्या ढोबळ अंदाजाप्रमाणे बी१ पर्यंत पोचायला शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली एकूण ३५० ते ४०० तास लागतात आणि बी२ पर्यंत ५०० ते ६००. म्हणजे एक पायरी चढायला साधारण २०० तास. नुसत्या वर्गाच्या जोरावर तुम्ही बी२च्या उंबरठ्याशी याल, तेही सगळं नीट जमलं तर. शिवाय हे तास वर्गात बसण्याचे आहेत. वर्गात बारा जण असतील, तर तासाभरात तुमच्या स्वतःच्या बोलण्याच्या वाट्याला किती मिनिटं येतात ते बघा. जोडीने करायचे सराव धरूनसुद्धा ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असतात. घरी जेवणाच्या टेबलावर दोन-तीन माणसं असतात आणि अर्धा-पाऊण तास सगळे एकत्र असतात. तिथे दहा-पंधरा मिनिटं तुम्ही बोललात तरी रोजचा वर्गातला वाटा भरून निघतो. तुमचा अडसर बोलण्याचाच आहे, म्हणून मी घराच्या बाजूने आहे. रेसिडेन्समध्ये मोकळीक जास्त मिळते, पण संध्याकाळी थकून आल्यावर माणूस आपल्या भाषेच्या माणसांकडे ओढला जातो. एकदा तो गट जमला की मोडवत नाही.

आता दुसरी बाजू. घरात राहिलं की भाषा येणारच, हा समज अभ्यासकांनी तपासून पाहिला आहे. रशियात रशियन शिकायला गेलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांवर विल्यम रिव्हर्स यांनी केलेला एक अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कुटुंबात राहिलेल्यांचं बोलणं वसतिगृहात राहिलेल्यांपेक्षा जास्त सुधारलेलं दिसलं नाही. पहिल्यांदा वाचल्यावर बरेच जण चकित होतात. मला नवल वाटत नाही, कारण जेवणाच्या टेबलावर प्रत्यक्षात काय चालतं याची मला कल्पना आहे. तिसऱ्या आठवड्यातला संवाद बऱ्याचदा असा असतो:

'हाऊ वॉज युवर डे?'
'गुड.'
'व्हॉट डिड यू डू अ‍ॅट स्कूल?'
'ग्रामर. अँड स्पीकिंग.'
'लव्हली. मोअर पोटॅटोज?'
'यस, प्लीज.'

यात चूक कुणाचीच नाही. होस्ट मनापासून चौकशी करते आहे, विद्यार्थी सभ्यपणे उत्तर देतो आहे. पण हाच संवाद रोज झाला, तर बारा आठवड्यांत याच चार वाक्यांचा सराव होतो. पहिल्या दोन आठवड्यांत असं होत नाही, कारण तेव्हा सगळंच नवीन असतं. घरी कोण कोण आहे, काय शिकलात, गरम पाणी कसं सुरू करायचं, बस कुठून मिळते. हे प्रश्न संपले की विषय संपतात. होस्टने याआधी कित्येक विद्यार्थी पाहिलेले असतात. तुम्ही थकलेले दिसलात की ती तुम्हाला बोलायला भाग पाडत नाही, आणि तो तिचा चांगुलपणाच असतो.

म्हणून टेबलावर विषय तुम्ही आणायचा. त्यासाठी हुशारी लागत नाही, दिवसभरात एक गोष्ट हेरून ठेवायची सवय लागते. समजा, बस तुमच्यासमोरून न थांबता निघून गेली. 'हाऊ वॉज युवर डे?' असं विचारल्यावर 'गुड' म्हणून थांबू नका. 'द बस डिडन्ट स्टॉप फॉर मी. डू आय हॅव टू पुट माय हँड आउट?' एवढं म्हणा. ब्रिटनमध्ये बऱ्याच स्टॉपवर हात दाखवल्याशिवाय बस थांबत नाही. होस्ट तुम्हाला ते समजावून सांगेल, मग पूर्वीची बस कशी होती ते सांगेल, नवरा मध्येच म्हणेल की आता अ‍ॅप आहे, आणि पाच-सात मिनिटं खऱ्या इंग्रजीत जातील. त्यात तुम्हाला तीनदा तरी 'सॉरी, व्हॉट डू यू मीन बाय दॅट?' म्हणायची वेळ येईल. मला तेच हवं असतं. न समजलेलं विचारणं, समोरच्याने ते वेगळ्या शब्दांत सांगणं, मग आपण आपल्या शब्दांत परत मांडणं, या देवाणघेवाणीत भाषा पक्की होते.

ज्याचं उत्तर फक्त 'हो' किंवा 'नाही' येईल असा प्रश्न टाळा. 'डू यू लाइक युवर जॉब?' विचारलंत तर एक शब्द मिळेल. 'हाऊ डिड यू गेट इन्टू दॅट जॉब?' विचारलंत तर अख्खी गोष्ट मिळेल, आणि ती भूतकाळात असेल. भूतकाळाची रूपं कानावर पडायला याहून चांगली जागा नाही. घरातला जुना फोटो, बागेतलं झाड, शेजारी चाललेलं बांधकाम, काहीही चालतं. वर्गात त्या दिवशी जे शिकलात ते त्याच संध्याकाळी वापरून बघा. कंडिशनल शिकलात तर 'इफ यू कुड लिव्ह एनीव्हेअर, व्हेअर वुड यू गो?' असं विचारून टाका. थोडं शाळकरी वाटेल. होस्टना त्याची सवय असते आणि बहुतेकांना त्यात गंमत वाटते.

चुका दुरुस्त होण्याबद्दल मात्र जरा सविस्तर सांगते, कारण इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. विद्यार्थी म्हणतो, 'यस्टरडे आय गो टू द बीच.' होस्ट म्हणते, 'ओह, यू वेंट टू द बीच! वॉज इट विंडी?' विद्यार्थी म्हणतो, 'यस, व्हेरी विंडी.' होस्टने चूक सुधारून दिली होती. पण ती इतक्या सहज, बोलण्याच्या ओघात दिली की विद्यार्थ्याला ती संभाषणातली पुढची ओळ वाटली. त्याचं लक्ष वाऱ्याच्या प्रश्नाकडे होतं. रॉय लिस्टर आणि लीला रांटा यांनी कॅनडातल्या फ्रेंच इमर्शन वर्गांचा, म्हणजे जिथे शाळेचे विषयच फ्रेंचमधून शिकवतात अशा वर्गांचा, अभ्यास करून १९९७ मध्ये हेच दाखवलं होतं. शिक्षक सर्वात जास्त वेळा याच पद्धतीने चूक सुधारत होते, आणि त्यानंतर मुलांनी आपलं वाक्य दुरुस्त करण्याचं प्रमाण याच पद्धतीत सर्वात कमी होतं. वर्गात असं होत असेल, तर घरच्या गप्पांत किती होत असेल याचा अंदाज करा.

यावर उपाय सोपा आहे. होस्टने तुमचंच वाक्य किंचित बदलून म्हटलं की क्षणभर थांबा आणि तिचं रूप वापरून पुन्हा बोला: 'यस, आय वेंट टू द बीच, अँड इट वॉज व्हेरी विंडी.' एवढंच. दुसरं म्हणजे पहिल्या आठवड्यातच होस्टला सांगून ठेवा की तुम्हाला चूक दाखवलेली आवडेल, पण एका वेळी एकाच प्रकारची. 'धिस वीक, प्लीज करेक्ट ओन्ली माय पास्ट टेन्स.' सगळंच सुधारायला सांगितलं तर दोन दिवसांत दोघंही कंटाळतात आणि बोलणंच बंद होतं. आणि 'असं का?' हा प्रश्न होस्टसाठी नाही, तो वर्गासाठी राखून ठेवा. इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाला काय बरोबर ते लगेच कळतं, पण नियम सांगता येईलच असं नाही. त्याने मारूनमुटकून काहीतरी नियम सांगितला तर तो डोक्यात चुकीचा बसतो.

आणखी एक धोका, आणि तो चांगल्या होस्टकडेच जास्त असतो. वर्षानुवर्षं विद्यार्थी ठेवणारी माणसं नकळत हळू, स्पष्ट आणि सोपं बोलायला लागतात. महिन्याभराने तुम्हाला वाटतं की आता सगळं कळतंय, पण बस ड्रायव्हरने विचारलेलं कळत नाही. म्हणून घरातली माणसं एकमेकांशी बोलत असतील तेव्हा खोलीत निघून जाऊ नका. त्यांची मुलगी रविवारी येते, शेजारी डोकावतात, होस्ट फोनवर बहिणीशी बोलते, टीव्हीवरच्या बातमीवरून नवरा-बायकोत वाद होतो. ते इंग्रजी तुमच्यासाठी सोपं केलेलं नसतं. सुरुवातीला त्यातलं निम्मंच कळेल. भाषाअभ्यासक पॉल नेशन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या हिशोबानुसार बोलण्यातलं जवळजवळ सगळं समजायला सहा ते सात हजार शब्दकुळं (एक मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक कूळ) लागतात, आणि बी१ला इतका साठा नसतो. म्हणून निम्मं सुटलं तर निराश होऊ नका, बसून राहा. भांडी आवरताना किंवा स्वयंपाकात हात लावताना हे ऐकणं सगळ्यात सहज होतं, कारण हातात काम असलं की शांततेचं दडपण येत नाही.

पहिले आठ-दहा दिवस डोकं जड होईल. दिवसभर परक्या भाषेत ऐकणं शरीराला थकवतं, आणि ते सगळ्यांनाच होतं. शाळेतून आल्यावर तासभर खोलीत पडा, दार लावा, त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. फक्त तो तास जेवणाआधी घ्या. घरच्यांशी रोजचा फोनही जेवणाच्या वेळेत नको. मी पाहिलेल्या विद्यार्थ्यांत घरी संवाद तुटण्याचं सर्वात साधं कारण हेच होतं की कानात इअरफोन घालून जेवण उरकायचं आणि वर निघून जायचं. होस्ट दोनदा पाहते आणि मग तिला वाटतं की या पाहुण्याला एकटं राहायला आवडतं.

आता कुटुंब निवडण्याबद्दल. कुटुंब थेट तुम्ही निवडत नाही, शाळेचा अकॉमोडेशन विभाग जुळवतो. त्यामुळे आधी शाळा नीट बघायची. ब्रिटनमध्ये ब्रिटिश कौन्सिलच्या 'अ‍ॅक्रेडिटेशन यूके' योजनेतली शाळा घ्या, कॅनडात 'लँग्वेजेस कॅनडा' या भाषाशाळांच्या संघटनेची सदस्य शाळा, ऑस्ट्रेलियात 'क्रिकॉस' या सरकारी यादीत नोंदलेली, आयर्लंडमध्ये सरकारमान्य कोर्स. याचा फायदा कागदापुरता नाही. ब्रिटिश कौन्सिलच्या निकषांत होमस्टेसाठी स्वतंत्र अटी आहेत: एका घरात एका वेळी चारपेक्षा जास्त विद्यार्थी नकोत, एकाच मातृभाषेचे दोन विद्यार्थी त्यांच्या संमतीशिवाय एकत्र ठेवायचे नाहीत, घरात संवादाची भाषा इंग्रजी असली पाहिजे. न्यूझीलंडच्या नियमांतही चारपेक्षा जास्त परदेशी विद्यार्थी असलेलं घर होमस्टेमध्ये धरत नाहीत. एजंटने ओळखीतल्या घरी सोय करून देतो असं सांगितलं, तर यातलं कुठलंच संरक्षण मिळेल असं गृहीत धरू नका. मी तरी तो मार्ग घेऊ देणार नाही.

शाळेला मेल करून विचारण्यासारखं बरंच असतं, पण तीन गोष्टींवर जोर द्या. होस्ट विद्यार्थ्यांसोबत एकत्र बसून जेवतात का? त्या काळात घरात आणखी किती विद्यार्थी असतील आणि त्यांच्या मातृभाषा कोणत्या? घरापासून शाळेपर्यंत दाराशी दार किती वेळ लागतो? 'हाफ बोर्ड' असं लिहिलेलं असलं, म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण मिळणार असलं, तरी एकत्र जेवण होईलच असं नाही. काही घरांत ताट झाकून ठेवलेलं असतं आणि विद्यार्थी एकटाच जेवतो. तुमच्यासाठी अख्ख्या निवडीचा अर्थच तिथे संपतो. प्रवासाचं म्हणाल तर लंडनसारख्या शहरात पाऊण तास ते तास नेहमीचाच आहे. बोर्नमथ, ईस्टबोर्न किंवा गॉलवेसारख्या लहान ठिकाणी बऱ्याचदा चालत किंवा एका बसने भागतं, आणि संध्याकाळी अंगात बोलण्याइतकी ताकद उरते. बोलणं सुधारायला जाणाऱ्याने लहान शहर घ्यावं, हे मी आग्रहाने सांगते.

कुटुंब म्हटल्यावर आई-वडील आणि दोन मुलं असं चित्र डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात एकट्या राहणाऱ्या निवृत्त बाई, मुलं बाहेर गेलेलं जोडपं, एकटी आई आणि तिची मुलगी, असे सगळे प्रकार असतात. गप्पांसाठी मी निवृत्त किंवा मोकळा वेळ असलेली माणसं पहिली धरते. लहान मुलांच्या घरात चैतन्य असतं, मुलं न संकोचता तुमचे उच्चार दुरुस्तही करतात, पण आई-वडील संध्याकाळी दमलेले असतात. मोठ्या शहरांत बरीच यजमान कुटुंबं दुसऱ्या देशांतून येऊन स्थायिक झालेली असतात. यावरून विद्यार्थी नाराज झालेले मी पाहिले आहेत आणि मला ते मुळीच पटत नाही. जिने स्वतः मोठेपणी इंग्रजी शिकलंय, तिला अडखळणाऱ्या माणसासमोर थांबता येतं, आणि हा गुण जन्मतः इंग्रजी बोलणाऱ्या सगळ्यांत नसतो. बघायचं एवढंच की घरात तुमच्यासमोर इंग्रजी बोललं जातं की नाही. माल्टाला जाणार असाल तर हा प्रश्न जरूर विचारा. तिथे माल्टीज आणि इंग्रजी दोन्ही राजभाषा आहेत आणि बऱ्याच घरांत आपापसात माल्टीजच चालते.

फॉर्मवर स्वतःबद्दल लिहायची जागा असते. तिथे बहुतेक जण 'आय लाइक म्युझिक अँड ट्रॅव्हलिंग' लिहून मोकळे होतात. त्यावरून तुम्हाला कुणाशी जुळवायचं हे कळत नाही आणि होस्टलाही विचारायला काही सापडत नाही. त्याऐवजी 'आय रिपेअर ओल्ड सायकल्स. आय वुड लाइक टू हेल्प इन द गार्डन. आय फाइंड इट डिफिकल्ट टू स्टार्ट अ कॉन्व्हर्सेशन, सो प्लीज आस्क मी क्वेश्चन्स' असं काहीतरी खरं लिहा. शेवटचं वाक्य तर नक्कीच लिहा. ते वाचून होस्टची पहिल्या दिवसापासूनची वागणूक बदलते. आहाराबद्दलही मोघम लिहू नका. नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहिलं तर अंडी आणि मासे चालतात का हे प्रत्येक जण आपापल्या परीने ठरवतो. काय चालतं आणि काय नाही, दोन्ही लिहा. अ‍ॅलर्जी, घरातल्या कुत्र्या-मांजरांची भीती, औषधं, सगळं आधीच कळवा.

घरातले नियम पहिल्याच संध्याकाळी विचारून घ्या: आंघोळीची वेळ, कपडे धुण्याचा दिवस, किल्ली, रात्री उशीर झाला तर काय. जेवायला येणार नसाल तर दुपारीच मेसेज करा. चांगले संबंध बिघडतात ते बहुतेक याच एका गोष्टीवरून.

आणि जमलंच नाही तर? आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. खोली लहान आहे, जेवण बेचव आहे, बाई फारशी हसत नाही, ही अडचण झाली. त्यावर आठवडाभर थांबून होस्टशी बोलून बघा. बऱ्याचदा एका वाक्याने प्रश्न सुटतो, आणि परक्या भाषेत नम्रपणे तक्रार करता येणं हेही शिकणंच आहे. पण पैसे भरूनही जेवण मिळत नाही, सांगितल्यापेक्षा जास्त विद्यार्थी कोंबले आहेत, होस्ट वरचे पैसे मागते, किंवा कुणाच्या वागण्याने असुरक्षित वाटतं, हे दोष आहेत. त्यासाठी एक दिवसही थांबायचं नाही. शाळेच्या अकॉमोडेशन ऑफिसरला सांगा, तोंडी सांगितल्यावर त्याच दिवशी मेलही करा. बहुतेक शाळांचा चोवीस तास चालणारा आपत्कालीन नंबर असतो, तो पोचण्याआधीच फोनमध्ये टाकून ठेवा. भिडेपोटी गप्प बसलेले विद्यार्थी शेवटच्या आठवड्यात येऊन सांगतात, आणि तोवर त्यांचे दोन महिने वाया गेलेले असतात. घर बदलून मागण्यात उद्धटपणा नाही. जुळवाजुळव हे शाळेचं रोजचं काम आहे.

यासाठीच माझा सल्ला असा की होमस्टे सुरुवातीला चारच आठवड्यांचा बुक करा आणि पुढे वाढवायची सोय आहे ना ते विचारून घ्या. मध्येच सोडायचं झालं तर साधारण एक-दोन आठवड्यांची नोटीस लागते. बारा आठवड्यांचे पैसे एकदम भरलेले असले तर परताव्यावरून कटकट होते. पहिल्या आठवड्यात फोनवर स्वतःचं दोन मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करा, कालच्या दिवसाबद्दल. चौथ्या आणि आठव्या आठवड्यात तोच विषय पुन्हा रेकॉर्ड करा. कुठे थांबता, किती वेळ थांबता, हे ऐकून तुमचं तुम्हालाच कळेल. घरचं बोलणं प्रयत्न करूनही सुकलं असेल, तर शेवटचा महिना वेगवेगळ्या देशांच्या माणसांसोबत शेअर्ड घरात काढायला माझी काहीच हरकत नाही. तिथे वीजबिलापासून भांड्यांपर्यंत सगळं इंग्रजीतच भांडून सोडवावं लागतं.

प्रत्येकाला मी होमस्टे सुचवत नाही. अगदी प्राथमिक, ए१ लेव्हलच्या माणसाला जेवणाच्या टेबलावर फार एकटं वाटतं. त्याने आधी दोन-तीन महिने वर्ग करून मग जावं. सी१च्या पुढच्यांनी इंग्रजी बोलणाऱ्या नोकरदारांसोबत घर शेअर केलेलं बरं. ज्यांच्याकडे वेळ फारच कमी आहे, दोन-तीन आठवडेच, त्यांच्यासाठी शिक्षकाच्याच घरी राहून एकट्याने शिकण्याचा पर्याय आहे. तो महाग पडतो, पण तिथे दिवसभर सुटका नसते. तुमच्याकडे बारा आठवडे आहेत, तुम्हाला त्याची गरज नाही.

व्हिसाचं थोडक्यात सांगते. ब्रिटनमध्ये मान्यताप्राप्त शाळेतला सहा महिन्यांपर्यंतचा कोर्स व्हिजिटर व्हिसावर करता येतो, पण त्यावर नोकरी करता येत नाही. कॅनडात सहा महिन्यांपर्यंतच्या कोर्सला स्टडी परमिट लागत नाही, तरी देशात शिरण्यासाठीचा व्हिसा वेगळा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये व्हिजिटर व्हिसावर साधारण तीन महिन्यांपर्यंत शिकता येतं, म्हणजे तुमचे बारा आठवडे जेमतेम बसतात, वाढवायला जागा राहत नाही. अर्ज करण्याआधी त्या त्या सरकारच्या संकेतस्थळावरचा त्या दिवशीचा नियम वाचा, कारण यात बदल होत राहतात.

शेवटचा मुद्दा तुमच्या तारखांचा. जुलै आणि ऑगस्टमध्ये ब्रिटन, आयर्लंड आणि माल्टामध्ये शाळकरी मुलांचे गट मोठ्या संख्येने येतात. ब्रायटन, बोर्नमथ, डब्लिन, माल्टातलं सेंट ज्युलियन्स या ठिकाणी घरं तुडुंब भरतात, होस्टकडे एका वेळी तीन-चार जण असतात, आणि त्या आठवड्यांत तिला प्रत्येकाशी बसून बोलायला वेळ नसतो. वर्गातही दर सोमवारी नवे चेहरे आणि निम्मे लोक दोन आठवड्यांत परत जाणारे. सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापासून हे निवळतं. वर्ग स्थिर होतात, अनुभवी होस्ट मोकळ्या होतात आणि अकॉमोडेशन विभागाकडेही तुमच्यासाठी घर शोधायला वेळ असतो. सुट्टीची किंवा नोकरीची अडचण नसेल तर कोर्स सप्टेंबरला न्या, आणि जुलैचाच ठेवायचा असेल तर घरासाठीचा अर्ज निदान दोन-तीन महिने आधी टाका.